कुलवृत्तांत बैठक: येताना काय आणायचं

सर्व कुलबंधू-भगिनींना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता ग्रामदेवतेच्या देवळातल्या सभामंडपात बैठक आहे. बडोदे, इंदूर, धारवाडकडे गेलेल्या शाखांचा शोध आता नेटाने घ्यायचा आहे.

प्रत्येक घराने निदान चार पिढ्यांची नावं लिहून आणावीत. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे 'विष्णू गणेश' एकाच घरात दोनदा सापडतो आणि वंशावळीत दोन माणसांचा एक होतो. म्हणून नावापुढे पणजोबांपर्यंतची साखळी आणि गाव-वाडी हवीच. लेकी-सुनांची माहेर आणि सासर अशी दोन्हीकडची नावं लिहा; दूरचे नातेवाईक बहुतेक वेळा त्या वाटेनेच सापडतात.

जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलांच्या नोंदी (गाव नमुना ६), आणि वारस नोंदवही (६-क) यांच्या नकला तलाठ्याकडून किंवा तहसील कार्यालयातून मिळतात. त्र्यंबकेश्वर-नाशिकला जाणाऱ्यांनी तीर्थोपाध्यायांच्या (यजमान घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या तिथल्या पुरोहितांच्या) वहीतली आपल्या घराण्याची पानं विचारावीत. मोडी कागद वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका, तसेच आणा.

जुने फोटो आणताना:
- दमटपणामुळे काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. फ्रेमसकट आणा.
- लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर नकोच.
- मागे नावं मऊ पेन्सिलीने लिहा.

मूळ वस्तू कोणीही ठेवून घेणार नाही. तिथेच स्कॅन करून परत मिळेल.

नुसतं आडनाव जुळलं म्हणून कोणाला आपल्या कुळात धरू नये. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव विचारा.