कोल्ड स्टोरेजवाल्यांनो, अलार्म आधी वाचा, मग रिसेट मारा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

द्राक्षाचा सीझन आला की पेपरात भाव, कंटेनर, अवकाळी सगळं येतं, पण ज्या थंडीच्या जोरावर हा माल युरोपात पोचतो त्या अमोनिया प्लांटवर (अमोनिया गॅसवर थंडी तयार करणारी यंत्रणा) रात्री काय चालतं ते कुणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहितोय. निफाड-दिंडोरी पट्ट्यात प्लांट चालवणाऱ्यांपैकी मी एक. आमच्यात एक वाईट सवय पसरलीय, हूटर वाजला की डिस्प्ले न बघताच रिसेट. कॉम्प्रेसर परत चालू झाला की गडी खुश, मालकही खुश. थोड्या वेळाने परत ट्रिप, म्हणजे मशीन आपोआप बंद, परत रिसेट.

अहो, हाय प्रेशरच्या अलार्मचंच बघा. अमोनिया 35 डिग्रीला कंडेन्स होतो, म्हणजे गॅसचं लिक्विड होतं, तेव्हा गेजवर साडेबारा किलोच्या आसपास दिसायला पाहिजे. काटा पंधरा-सोळाकडे सरकला तर आधी कंडेन्सरवर चढून बघायचं, पंप चालू आहे का, फॅनचा बेल्ट तुटलाय का, नोझल चोक झालेत का, कॉइलवर क्षाराचा पांढरा थर किती चढलाय (आमच्याकडचं बोअरचं पाणी, सांगायलाच नको). हे सगळं ठीक असेल तर कंडेन्सरमधून उतरणाऱ्या लिक्विडचं टेंपरेचर घ्या, तक्त्यात त्याला जे प्रेशर दिलंय त्याहून गेज बरंच जास्त दाखवत असेल तर सिस्टीममध्ये हवा शिरलीय, पर्जिंग करा, म्हणजे ती हवा बाहेर काढा. मासळीच्या ब्लास्ट फ्रीझरवाल्यांनी तर हे जास्तच बघावं, सक्शन (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसची बाजू) उणे 33 डिग्रीच्या खाली गेलं की प्लांट व्हॅक्यूममध्ये चालतो आणि ग्लँडमधून (शाफ्ट-व्हॉल्व्हच्या सीलमधून) हवा आत ओढली जाते.

लो प्रेशरच्या अलार्मला आमच्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं, गॅस भरा. कॉइलवर बर्फ साचलाय का, खोलीतला फॅन बंद आहे का, सोलेनॉइड (लिक्विड सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) उघडतोय का, स्ट्रेनर म्हणजे गाळणी चोक आहे का, हे बघायला कुणी जात नाही.

मला सगळ्यात भीती वाटते ती अक्युम्युलेटरच्या (कॉम्प्रेसरच्या आधी लिक्विड अडवणारी टाकी) हाय लेव्हल अलार्मची. लिक्विड कॉम्प्रेसरमध्ये आलं तर मशीन ठोकायला लागतं आणि व्हॉल्व्ह प्लेटचे तुकडे होतात, तिथे लेव्हल उतरल्याशिवाय रिसेटला हातच लावायचा नाही. ऑइल प्रेशरचा कटआऊट (मशीन आपोआप बंद करणारा स्विच) तर मुद्दाम हाताने रिसेट करायचा ठेवलेला असतो, कुणीतरी समोर उभं राहून ऑइल बघावं म्हणून, आणि आमचे गडी तो लागोपाठ दाबत सुटतात.

पण कहर म्हणजे जम्पर. कंटेनर दारात उभा, मालकाचा फोन येतो "आजचा दिवस ढकल", मग कटआऊट वायर मारून शॉर्ट करतात आणि ती वायर सीझनभर तशीच राहते. अमोनिया सुटला तर तो पहिला ऑपरेटरच्या डोळ्यात जाणार, मालक तेव्हा घरी झोपलेला असतो.

मालकांनी एवढंच करावं, पॅनलशेजारी एक वही टांगा, त्यात वेळ, अलार्म, सक्शन आणि डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमध्ये येणारं आणि बाहेर पडणारं प्रेशर), ऑइल प्रेशर आणि काय सापडलं ते लिहिल्यावरच रिसेट. आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या पोराला रात्री एकट्याला प्लांटवर सोडू नका. आणि तपासणीला येणाऱ्या सरकारी साहेबांनी चहा पिऊन नुसते कागद बघण्यापेक्षा पॅनलचं दार उघडून हाय प्रेशर कटआऊटच्या टर्मिनलवर जम्पर आहे का ते बघावं, दोन मिनिटांचं काम आहे.

- एक प्लांट ऑपरेटर, जि. नाशिक