उशीर पेजने केला नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सॅचेल पेज या अमेरिकी बेसबॉलपटूवर लेख आला. बेसबॉलच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, मराठी वृत्तपत्रात अर्धं पान मिळालं, याचं आधी कौतुकच वाटलं. पण ‘जिद्दीपुढे वय हरले : ४२ व्या वर्षी पदार्पण’ हा मथळा वाचला आणि लिहायला बसलो.

पेज ४२ वर्षं सराव करत बसला नव्हता. तो १९०६ सालचा, अलाबामातल्या मोबील या बंदराच्या गावचा. पोरवयात रेल्वे स्टेशनवर प्रवाशांच्या बॅगा उचलायचा, त्यावरून ‘सॅचेल’ हे नाव पडलं. चोरीमारीपायी बाराव्या वर्षी सुधारगृहात गेला आणि तिथेच पाच वर्षांत चेंडू टाकायला शिकला. १९२६ मध्ये तो चॅटनूगाच्या संघात पगारावर खेळत होता. मग बर्मिंगहॅम, पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी. तरीही मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचं दार बंद, कारण तो कृष्णवर्णीय होता. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. संघमालकांची आपसातली समजूत होती, आणि ती पाळण्यात एरवी एकमेकांशी भांडणारे हे मालक एकदम शिस्तीचे!

त्याची गुणवत्ता माहीत नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. हंगाम संपला की गोरे खेळाडू गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांत त्याच्याविरुद्ध उतरत. जो डिमॅजिओसारख्या फलंदाजाने, आपण ज्यांना तोंड दिलं त्यांतला हाच सर्वोत्तम पिचर, असं सांगून ठेवलं आहे. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मेजर लीगमध्ये पहिली संधी मिळाली तेव्हा पेज एकेचाळिशीला टेकला होता. पहिला मान आपल्याला मिळाला नाही, ही सल त्याने पुढे बोलूनही दाखवली.

क्लीव्हलँडच्या मेजर लीग संघाने त्याला घेतलं ते ७ जुलै १९४८ रोजी, त्याच्या वाढदिवशी. एका नामवंत क्रीडा साप्ताहिकाने हा गल्ल्यासाठी केलेला तमाशा ठरवला. पेजने सहा सामने जिंकले, एक हरला. नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी २.४८. ऑगस्टमधल्या एका रात्री त्याला पाहायला ७८,३८२ माणसं आली. गल्ला भरला हे खरंच, पण संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं विजेतेपदही जिंकला.

त्याची एक खास फेक होती. पुढचा पाय जमिनीवर टेकला तरी हात मागेच. फलंदाज बॅट फिरवून मोकळा झाला की चेंडू यायचा. लीगच्या अध्यक्षांनी ती बेकायदा ठरवून टाकली. त्याच्या वयाचं गूढही बरंचसं त्यानेच पिकवलेलं. जन्माची नोंद ठेवलेलं बायबल शेळीने खाल्लं, असं तो सांगायचा. लोकांना गोष्ट हवी असते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तुमच्या लेखकाला ती सापडली, हिशेब मात्र निसटला.

लेखात निग्रो लीगच्या, म्हणजे त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धांच्या, नोंदी ‘अनधिकृत’ म्हटल्या आहेत, तेही आता जुनं झालं. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगनेच १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीगना मेजर दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये ते आकडे मुख्य नोंदींत मिळवले. म्हणजे अधिकृत नोंदीप्रमाणेही पेजचं पदार्पण १९२७ चं, बर्मिंगहॅमकडून, ऐन विशीतलं. मथळा तेवढ्यानेच खोटा पडतो.

मुलगी कॅन्सस सिटीला असते, म्हणून तिथलं निग्रो लीगचं संग्रहालय पाहता आलं. आत शिरल्या शिरल्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी आहे आणि जाळीपलीकडे मैदान. त्यावर या खेळाडूंचे ब्राँझचे पुतळे आपापल्या जागी उभे, पेज पिचरच्या उंचवट्यावर. पण त्या मैदानावर लगेच जाता येत नाही. सगळा इतिहास फिरून झाला की शेवटी पाऊल ठेवायचं. पाय दुखायला लागले तेव्हा कुठे मी तिथे पोचलो.

१९७१ मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनात, पेजला घेतानाही आधी निग्रो लीगवाल्यांसाठी वेगळ्या विभागाचा बेत होता. ओरड झाली तेव्हा तो सोडावा लागला. त्याआधी, १९६५ मध्ये, ५९ वर्षांच्या पेजने बोस्टनविरुद्ध तीन डाव टाकले. एकच फटका बसला, धाव शून्य. त्याला मध्येच झुलत्या खुर्चीत बसवायची संघमालकाची हौसही त्याने पुरवली. लेखात ही खुर्ची आहे. त्यानंतर तीन वर्षांनी घडलेली गोष्ट मात्र लेखात नाही. मेजर लीगच्या पेन्शनला त्याचे १५८ दिवस कमी पडत होते. मेजर लीगबाहेर खेळलेली बावीस वर्षं त्यात धरली जात नव्हती. शेवटी अटलांटाच्या संघाने बासष्ट वर्षांच्या माणसाला पगारावर घेतलं, तेवढे दिवस भरावेत म्हणून.

कळावे,
एक नियमित वाचक, पुणे