हिवाळ्यातील वाचनाविषयी चि. रेवास

चि. रेवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हिवाळ्यात कोणती पुस्तके वाचावीत, असे तू विचारले आहेस आणि सोबत स्वतःची भलीमोठी यादीही जोडली आहेस. यादी चांगली आहे, परंतु एका ऋतूसाठी ती मला फार वाटते. दिवस लहान, रात्री लांब आणि बाहेर पडण्याचा उत्साह कमी, असा हा काळ एरवी हाती धरवत नाही अशा एका जाड पुस्तकासाठी राखून ठेवावा आणि त्याच्या जोडीला दोन-तीन लहान पुस्तके घ्यावीत, असे माझे मत आहे.

जाड पुस्तक म्हणून मी टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ सुचवतो. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या या कादंबरीच्या आकाराची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उपसंहार धरून तिची ३६१ प्रकरणे आहेत आणि त्यांतील बहुतेक छोटी आहेत, त्यामुळे रोज चार वाचली तरी तीन महिन्यांत ती संपते. एकाच माणसाला कधी नावाने, कधी वडिलांच्या नावासह, तर कधी लाडक्या नावाने हाक मारण्याची रशियन रीत सुरुवातीला गोंधळात टाकते. म्हणून पहिल्याच दिवशी एका कागदावर कुटुंबवार नावे लिहून तो पुस्तकात ठेव.

संक्षिप्त आवृत्ती मात्र घेऊ नकोस. संक्षेप करणाऱ्यांची कात्री सहसा टॉलस्टॉयच्या इतिहासविषयक विवेचनावर प्रथम चालते, आणि थंडीविषयीचे त्याचे सर्वांत धीट म्हणणे नेमके तिथेच आहे. १८१२ मध्ये मॉस्कोहून माघारी फिरलेल्या नेपोलियनच्या सैन्याचा रशियाच्या हिवाळ्याने नाश केला, असे आपण सर्वजण धरून चालतो. टॉलस्टॉयला ते मान्य नाही. कडाका पडण्यापूर्वीच ते सैन्य झपाट्याने घटू लागले होते आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यात ते त्याच प्रमाणात घटत गेले, मग थंडी कमी असो वा जास्त, असे तो आकड्यांनिशी मांडतो. हे गणित जरा जास्तच नेटके आहे, असा मला संशय आहे. तू ते तपासून माझ्याशी वाद घालावास. त्याच माघारीत कैदी म्हणून अनवाणी चालणाऱ्या पिएर या प्रमुख पात्राला माणसाच्या गरजा किती थोड्या असतात हे उमगते, ती प्रकरणे मात्र घाईने वाचू नकोस.

ती प्रकरणे संपली की सोल्झेनित्सिनची ‘इव्हान देनिसोविचच्या आयुष्यातील एक दिवस’ घे. १९६२ मध्ये ‘नोव्ही मीर’ या मासिकात प्रसिद्ध झालेली ही छोटी कादंबरी श्रमछावणीतील एका कैद्याचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एकच दिवस सांगते. पारा उणे ४१ अंशांपर्यंत उतरला तर कामावर नेत नाहीत, म्हणून सर्वांचे लक्ष तापमापकाकडे असते, आणि त्या दिवशी तो उणे साडेसत्तावीसच दाखवतो. भिंत रचताना गारा गोठण्याच्या आत प्रत्येक थर बसवावा लागतो. काम थांबवण्याची वेळ झाल्यावरही उरलेला गारा वाया जाऊ नये म्हणून हा कैदी, शुखोव्ह, रचतच राहतो, ते वर्णन मला पुस्तकातील सर्वोत्तम वाटते. सक्तीच्या कामातही कारागिराचा अभिमान जागा राहतो, हे लेखक एकदाही उघड न म्हणता दाखवतो.

काल्पनिक नसलेले काही हवे असेल, तर ॲप्सली चेरी-गॅरार्डचे १९२२ मधील ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ वाच. स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतील तीन सहकारी १९११ च्या ऐन ध्रुवीय हिवाळ्यात, जवळजवळ अखंड अंधारात, एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी गेले; त्या भ्रूणांतून पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांचे नाते उलगडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. तापमान उणे ६० अंश सेल्सियसपर्यंत उतरले, कपडे लाकडासारखे कडक झाले, वादळात तंबू उडाला आणि सुदैवाने पुन्हा सापडला. अखेर तीन अंडी परत आली. विल्सन आणि बॉवर्स हे त्या प्रवासातले चेरी-गॅरार्डचे दोन्ही सोबती पुढे ध्रुवावरून परतताना स्कॉटबरोबर मरण पावले, हे ठाऊक असल्याने लेखकाचा कोरडा विनोद अधिकच लागतो. ग्रंथ मोठा आहे. वेळ नसेल तर हिवाळी प्रवासाचे प्रकरण तेवढे वाच.

जॅक लंडनची ‘टू बिल्ड अ फायर’ (१९०८) ही कथा एका बैठकीत होते. झाडाखाली शेकोटी पेटवण्याची एक साधी चूक त्या माणसाला किती महागात पडते, ते मी आधीच सांगून टाकत नाही.

थॉमस मानची ‘द मॅजिक माउंटन’ तुझ्या यादीत अग्रस्थानी आहे, ती पुढच्या हिवाळ्यासाठी ठेव. तीन आठवड्यांसाठी आलेला तरुण त्या आरोग्यधामात सात वर्षे राहतो, आणि दोन जाड कादंबऱ्या एकाच वेळी उघडल्या तर तुझीही तीच गत होईल. टॉलस्टॉयचा पहिला खंड झाला की कळव. नेपोलियनविषयी बोलायचे आहे.

तुझे,
बाबा