दीवच्या नारळवाल्या काकांना अन् रिक्षावाल्या भाऊंना थँक्यू

आम्ही अमळनेरचे. दिवाळीच्या सुट्टीत दीवला गेलो होतो. बीच तर सगळेच बघतात, आम्हाला हटके ठिकाणं बघायची होती, म्हणजे नागवा गावची फांद्या फुटलेली होका ताडाची झाडं, नायडा गुंफा अन् फुदम गावचं गंगेश्वर. तिथे खडकात पाच शिवलिंगं आहेत अन् भरती आली की समुद्रच त्यांना आंघोळ घालतो, भारी दिसतं!

तिथेच ओल्या पायरीवरून आईचा पाय घसरला अन् घोटा बघता बघता टम्म सुजला. आमची तर टरकलीच. बाहेरच्या नारळवाल्या काकांनी स्वतःचं स्टूल दिलं, पेटीतला बर्फ फोडून खांद्यावरच्या गमछात बांधला अन् खाली बसून आईच्या पायाला लावत राहिले, तोवर गिऱ्हाईक उभंच. ते गुजरातीत बोलत होते, आई आपली अहिराणीत, तरी दोघांचं मस्त जमलं.

त्यांनीच बोलावलेले रिक्षावाले भाऊ एक्सरे होईपर्यंत दवाखान्यात थांबले, वेटिंगचा एक रुपया घेतला नाही. फ्रॅक्चर नव्हतं, नशीब. दुसऱ्या दिवशी तर हा माणूस रिक्षात प्लास्टिकची खुर्ची टाकून आला, का तर आईला नायडा गुंफा बघायच्या राहिल्या होत्या! वरच्या भोकांतून ऊन आत येतं तिथे खुर्ची मांडून तिला बसवलं अन् आमचे फोटोपण काढले.

गडबडीत दोघांची नावं विचारायची राहिली. दीवचं कोणी वाचत असेल तर त्यांना एवढं सांगा, आई आता मस्त चालते, अन् खान्देशात आले तर भरीत अन् कळण्याची भाकरी आमच्याकडेच.