जिना मी काढला, बाबा

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा पाण्याच्या टाकीवरच बोलत राहिले. म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही दोघं परत राहायला जाणार त्या जुन्या घरातला माडीचा जिना मी काढला. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही "राहू दे गं" म्हणाला असतात, आणि मी राहू दिला असता.

खालच्या पायरीला स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. वरून रंग शाबूत, आत वाळवीने भरलेली माती. नवा जिना करता आला असता, हे खरं. पण वळणावर पाऊल तिरकंच पडणार, आणि त्या वर्षी काय झालं ते मी पुन्हा काढत नाही. तुमची पुस्तकं खाली आणली आहेत, टेबलही तसंच खिडकीकडे तोंड करून ठेवलं आहे. चांगल्या निघालेल्या फळ्यांचं पडवीत बाकडं केलं, म्हणजे बसून चपला घालता येतील.

मागच्या भिंतीचा सिमेंटचा गिलावाही खरवडला. तो तुम्ही किती ओढाताण करून घातला होतात ते मला आठवतं. तुमचं चुकलं असं मनात आणू नका, तेव्हा सगळेच तसं करायचे. पण मातीत बांधलेली भिंत जमिनीतली ओल ओढते आणि अंगावाटे हवेत सोडते. सिमेंटने तिचं अंग बुजलं की ती ओल आतच साठते आणि वर चढत जाते. भिंतीवरचा खारा पांढरा लोणा छातीच्या उंचीपर्यंत आला होता तो त्यामुळे. आता चुन्याचा गिलावा दिला आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत आवळतो, पावसाळी हवेत तर आणखी सावकाश. आईचा दमा असताना त्या ओल्या खोलीत तुम्हाला मी नेणार नाही. म्हणून जायचं ते पाऊस संपल्यावर, ही तारीख मी ठरवून टाकली आहे. रागावा, पण ऐका.

आणि छपराचीही परीक्षा व्हायची होती. कोरड्या दिवसांत कुठलंही छप्पर चांगलंच दिसतं. पहिल्या मोठ्या पावसात मी तिथे एकटी झोपले, म्हणजे झोपले नाहीच. आई, गळतीखाली भांडी मांडून तू आमच्याजवळ आडवी व्हायचीस आणि डोळे मिटूनच सांगायचीस, "कोपऱ्यातलं भरलं." आवाजावरून तुला कसं कळायचं गं? मला या वेळी एकच भांडं ठेवावं लागलं, आढ्याच्या सांध्याखाली. रात्रभर कान लावून बसले, तरी ते भरलेलं मला सकाळीच कळलं. सांधा आता बुजवला आहे. पुढच्या जोराच्या पावसात पुन्हा जाऊन बघेन.

रात्री उठायचं झालं तर आता अंगणात जायचं नाही. न्हाणीघर तुमच्या खोलीला लागूनच आहे, उंबरा नाही, फरशी खरखरीत, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. दांडे नुसत्या गिलाव्यात नाहीत, मागे पक्का आधार देऊन बसवले आहेत. मी लोंबकळून पाहिलं. दारापर्यंतच्या उताराला फुटाला इंचापेक्षा जास्त चढ नाही, उद्या चाकाची खुर्ची लागली तरी जाईल. लागणार नाही, पण असू दे. वायरिंग सगळं नवं आहे, अर्थिंग केलं आहे, आणि 30 मिलीअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवला आहे. विहिरीचं पाणी उपसून, गाळ काढून तपासलं, आणि पावसानंतर पुन्हा तपासणार आहे. गढूळ पाणी आत शिरतं ते पावसातच. तोवर आई, "इतकी वर्षं तेच प्यायलो" हे वाक्य चालणार नाही.

आता माझं ऐकायचं. बाबा, आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग सामान बांधणं. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढला आहे, तो तुम्हाला दिसायला हवा. गोठ्यावरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांना हात लावू नका, तोडायचे तर मुळीच नाहीत. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसात बसते. ते काम माहीतगाराकडून करून घेईन. आई, गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरात लिहून दोन प्रती कर, एक मी तिथे दाराच्या आत लावणार आहे. आणि पाटा-वरवंटा तू उचलायचा नाहीस. तो मी नेईन, विसरणार नाही.

ऑपरेशनची तारीख मिळाली की त्याच दिवशी फोन करा. मी आदल्या रात्री येते.

तुमची,
धाकटी