वाढीव मजला, राहिलेली पाहणी आणि अण्णांची मदत

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

सोलापुरातल्या आमच्या व्यापारी संकुलावर मजला चढला, पण स्लॅब ओतण्याआधी आणि गिलाव्याआधी वायरिंगच्या पाईपिंगची पाहणी झाल्याची नोंदच सापडेना. गाळेधारक म्हणत होते, फोडून दाखवा. ठेकेदार म्हणत होते, आधी अंतिम बिल द्या. हा अडलेला वाद तुम्ही एक पैसाही न घेता सोडवलात. गाळेधारक आणि ठेकेदार, दोघांनी मिळून हे पत्र लिहिले आहे. ते सर्वांसाठी खुले ठेवतो आहोत, कारण शहरात जुन्या इमारतींवर मजले चढतच आहेत.

चूक कोणाची, हा प्रश्न तुम्ही बाजूला ठेवलात आणि दोन याद्या करायला लावल्यात: मोजणीच्या मीटरवर काय कळते आणि डोळ्यांनीच काय दिसते. मीटरचे काम आधी झाले. प्रत्येक सर्किटवर 500 व्होल्ट डीसी मेगर (वायरच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) एक मिनिट, आणि आवरणाचा रोध 1 मेगओहमच्या खाली आलेले सर्किट नापास. त्याआधी एलईडी ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारे भाग) आणि सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारे उपकरण) सोडवून घेतलेत. ड्रायव्हर जळतात, आणि सर्ज प्रोटेक्टर जोडलेला राहिला तर चांगले सर्किटही खराब दिसते.

पण पाईपच्या आत पिळून टेप मारलेला जोड मेगरला ठणठणीत वाटतो आणि भार आल्यावर तापतो. म्हणून सगळे जंक्शन बॉक्स उघडायचे, आणि शंका येईल त्या पाईपमधून एक वायर ओढून पाहायची. मोकळी सरकली तर ती टोकापासून टोकापर्यंत तपासायची. अडकली तर आत सिमेंटचे पाणी शिरले आहे, पाईप दबला आहे किंवा काटकोनी एल्बो जास्त आहेत. फोडायचे ते तेवढ्याच जागी. शेवटी पूर्ण भार चढवून काही तासांनी डीबीतल्या (वीज वाटणाऱ्या पेटीतल्या) टर्मिनलवर थर्मल कॅमेरा फिरवायचा.

खर्चाचा नियम तुम्ही फोडण्याआधी लिहून दोघांच्या सह्या घेतल्यात: आत दोष निघाला तर फोडणे आणि दुरुस्ती ठेकेदाराची, काम नीट निघाले तर खर्च मालकांचा. भांडण मिटले ते या एका कागदाने.

30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखी पडत होती आणि ती बदलायची तयारी चालली होती. तुम्ही थांबवलेत. नव्या मजल्यावरच्या एका सर्किटचा न्यूट्रल (करंट परतण्याची वायर) जुन्या डीबीच्या पट्टीवर गेला होता, त्यामुळे जाणारा आणि परतणारा करंट जुळत नव्हता. न्यूट्रल आपल्या जागी आणल्यावर पडणे थांबले. टेस्ट बटणाने यंत्रणा चालते एवढेच कळते, म्हणून टेस्टर लावून 300 मिलिसेकंदांच्या आत ट्रिप होते का तेही पाहिलेत.

एमसीबीचा (करंट जास्त झाला की सर्किट तोडणाऱ्या स्विचचा) हिशेबही तुम्हीच मांडून दाखवलात. 16 अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला तात्काळ पडायला दहापट, म्हणजे 160 अँपिअर लागू शकतात. 230 व्होल्टला 160 अँपिअरने भागले की सुमारे 1.44 ओहम. अर्थ फॉल्टच्या (वीज अर्थमध्ये गळण्याच्या) वाटेचा रोध त्याच्या वर गेला, तर एमसीबी वेळेत पडेल याची खात्री नाही. लांबच्या गाळ्यांत हाच आकडा पाहायला हवा. अर्थिंगचे मोजमाप पावसाळ्यात घेऊन समाधान मानू नका, असेही बजावलेत. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध वाढतो. खरा आकडा एप्रिल-मेचा.

आणि उंची! वाढीव मजल्याने इमारत 15 मीटरच्या वर गेल्याचे दोन्ही बाजूंच्या लक्षात नव्हते. अशा इमारतीत पुरवठा सुरू करण्याआधी विद्युत निरीक्षकांची तपासणी लागते, ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टवर भागत नाही, हे तुम्ही वेळेत सांगितलेत. जुन्या मजल्यांची कागदपत्रे नव्या मजल्याला लागू पडत नाहीत, हेही त्याच बैठकीत स्पष्ट झाले.

पुढच्या कामांसाठी कराराचा कच्चा खर्डा सोबत पाठवत आहोत. पाईपिंगचा प्रत्येक टप्पा मोजपट्टी ठेवून काढलेल्या फोटोंसह आणि पर्यवेक्षकाच्या सहीने नोंदवायचा, त्यानंतरच काँक्रीट आणि त्यानंतरच त्या टप्प्याचे पैसे, असे कलम घातले आहे. त्यावर तुमचा हात फिरवून द्यावा, ही विनंती.

आपले ऋणी,
संकुलाचे गाळेधारक आणि वायरिंगचे ठेकेदार