फिजीतल्या लीसवाल्यांच्या जमिनीची किंमत कोण मोजणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गिरमिटियांवरचा, म्हणजे करारावर फिजीला नेलेल्या भारतीय मजुरांवरचा, तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. 1879 ला लिओनिडास जहाज फिजीला लागलं इथपासून ते गोखल्यांनी 1912 साली कौन्सिलात गिरमिट बंद करायचा ठराव मांडला इथपर्यंत सगळं छान आलंय, पण गिरमिट सुटल्यावर त्या माणसांचं पुढे काय झालं, जमीन कशी मिळाली आणि कशी गेली, हे राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

मी ऑकलंडला राहतो, मूळचा कराडकडचा. आमच्या शेजारी एक फिजीचे काका आहेत, लबासाचे. त्यांच्या बापाने दहा एकर लीसवर, म्हणजे भाडेपट्ट्याने घेतलेली, ऊस. ही लीस म्हणजे मतंगालीची, तिथल्या मूळ फिजियन भावकीची सामाईक जमीन, आणि ती देणार बोर्ड. 1940 साली इंग्रजांनी नेटिव्ह लँड ट्रस्टचा कायदा केला आणि अशा सगळ्या जमिनीचा कारभार एका बोर्डाकडे दिला. त्यातली काही जमीन राखीव ठरवली. राखीवमध्ये आली की चालू लीस संपेपर्यंत कसा, त्यानंतर भारतीय माणसाला ती परत मिळणार नाही. कितीतरी लोकांनी जंगल तोडून, दगड वेचून रान केलं आणि मग कळलं की नकाशावर आपण राखीवच्या रेघेच्या आत आलोय. पुढे 1966 आणि 1976 च्या कायद्यांनी जरा मुदत मिळाली, 30 वर्षांपर्यंत, पण 1997 पासून त्या लीसा एकेक करून संपायला लागल्या. काकांची 1999 ला संपली.

आता किमतीचं बघा. कायद्यात खंडाची कमाल मर्यादा होती, जमिनीच्या सुधारणा न केलेल्या किमतीच्या 6 टक्के. म्हणजे तुम्ही हातच लावला नसता, नुसतं रान असतं तर काय भाव आला असता, त्यावर खंड. ऐकायला कुळाच्या फायद्याचं वाटतं आणि तेवढ्यापुरतं होतंही. पण बाहेर पडायची वेळ आली की हाच हिशोब उलटतो, कारण जमीन कधी तुमची नव्हतीच, तेव्हा जमिनीचे पैसे नाहीत. घर, गोठा, चर, विहीर अशा सुधारणांची भरपाई कायद्यात आहे, ट्रिब्युनलही आहे, पण द्यायची जमीनमालकाने आणि त्याच्याकडेही पैसे नाहीत. मग काय, काकांनी आणि त्यांच्या भावाने घराचे पत्रे उतरवले, खिडक्यांच्या चौकटी काढल्या, लाकूड ट्रकमध्ये घातलं. जोतं तेवढं राहिलं. ते जोतं त्यांनी स्वतः ओतलेलं, सिमेंटच्या गोण्या किती लागल्या ते अजून सांगतात. आणि उभा खोडवा तसाच सोडून आले.

ऊस लावणाऱ्याला खोडवा म्हणजे काय हे सांगायला नको. लागणीचा खर्च एकदा करायचा आणि पुढची वर्षं त्यावर काढायची. तो सोडून जायचं म्हणजे पुढच्या पिकांचे पैसे रानात ठेवून जायचं. वर कारखान्याचा ऊस घ्यायचा करार गेला, पोरांची शाळा गेली. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? 1999 ला आलेल्या सरकारने बाहेर पडणाऱ्या कुळाला 28,000 फिजी डॉलर द्यायची योजना काढली, पण 19 मे 2000 ला उठाव झाला आणि ते सरकारच गेलं. बरेच लोक राजधानी सुव्याच्या कडेला झोपड्यांत जाऊन राहिले, ज्यांचं कोणी बाहेर होतं ते इकडे आले.

मला हे जास्त लागतं कारण माझे आजोबाही कूळच होते. आपल्याकडे 1948 चा कूळ कायदा आला, 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक झाला आणि किंमत ठरली आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, 20 ते 200 पट, हप्त्याने. आमच्या सातबारावर आजोबांचं नाव लागलं ते तसंच. तोच ऊस, तीच मेहनत, आणि काकांच्या हातात राहिली फक्त कारखान्याच्या पावत्यांची एक पत्र्याची पेटी.

पण म्हणून फिजीतही जमीन कसणाऱ्यालाच द्यायला हवी होती असं मी म्हणणार नाही. ती जमीन मतंगालीची आहे, त्यांच्याकडे तेवढीच उरली होती, आणि त्यांनाही फसवलंच गेलं. खंड कमी, त्यातून बोर्ड एकेकाळी 25 टक्के कापून घ्यायचं, मग प्रमुखांचे वाटे, मग उरलेलं सगळ्या मतंगालीत वाटायचं, एकेकाच्या हातात किती पडत असेल? ह्या दोन गरिबांना समोरासमोर उभं केलं इंग्रजांच्या कायद्याने, आणि मलई खाल्ली सिडनीच्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीने. 1969 च्या ऊस कराराच्या वादात लॉर्ड डेनिंग या इंग्रज न्यायाधीशाने शेतकऱ्याला उत्पन्नाचा 65 टक्के वाटा द्या असा निवाडा दिला, तो कंपनीला परवडेना, 1973 ला सगळं सरकारला विकून ती निघून गेली. तिला तिच्या मालमत्तेची किंमत मिळाली, हे लक्षात घ्या.

म्हणून माझं म्हणणं असंय की लीसवाल्याच्या नुकसानीचा हिशोब मातीच्या भावाने करूच नये. गेलेल्या पिकांची वर्षं मोजा, रान तयार करायची मजुरी मोजा, घर मोजा, आणि बिल मतंगालीला पाठवू नका. ज्यांनी कायदा केला आणि ज्यांनी साखर नेली त्यांना पाठवा.

14 मे ला गिरमिट दिन असतो. तेव्हा पुरवणीत परत काही छापणार असाल तर ह्या लोकांशी बोला ही विनंती. काका आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, पावत्या अजून सालवार लावलेल्या आहेत, कोणी बघायला आलं तर ते पेटी उघडतील.

आपला,
एक वाचक, ऑकलंड